माझी अडचण आणि शहराचा इतिहास : समाजशास्त्रीय दृष्टी म्हणजे काय

बदलापूरला राहणारी आणि अंधेरीतल्या एका लहान कार्यालयात हिशेबाचे काम पाहणारी एक स्त्री आहे, असे समजू. दुसऱ्या बाळंतपणानंतर वर्षभरात ती नोकरी सोडते. नातेवाइकांत आणि शेजारीपाजारी या निर्णयाची चर्चा होते, तेव्हा कारणे ठरलेली असतात : तिला झेपले नाही, तिचे मन नोकरीत उरले नाही, सासूशी पटत नव्हते, मुलांसाठी तिने त्याग केला. यांपैकी काही उत्तरे तिला नावे ठेवणारी आहेत, काही तिचे कौतुक करणारी आहेत. पण सगळीच उत्तरे तिच्या स्वभावात किंवा तिच्या घराच्या चार भिंतींत शोधलेली आहेत. बदलापूर ते अंधेरी हे अंतर, दादरला किंवा घाटकोपरला गाडी बदलण्याची धडपड, वीस माणसांच्या कार्यालयाला पाळणाघराची सक्ती नसणे आणि घरकाम कोणी करायचे याची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वाटणी, यांतले काहीच त्या उत्तरांत येत नाही.

समाजशास्त्र या उत्तरांना खोटे ठरवत नाही. सासूशी खरोखरच पटत नसेल, झेपतही नसेल. समाजशास्त्र विचारते ते एवढेच, की असा निर्णय घेणाऱ्या स्त्रिया एक-दोन आहेत की हजारो आहेत, आणि हजारो असतील तर वेगवेगळ्या घरांत, एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत, साधारण त्याच वयात आणि आयुष्याच्या त्याच वळणावर तीच गोष्ट कशी घडते. हजारो जणींचे स्वभाव एकाच वेळी सारखेच बदलत नाहीत. अनुभव इतका सारखा असेल तर त्यामागे सामाईक असे काहीतरी असलेच पाहिजे, आणि ते पुराव्याने शोधण्याच्या शिस्तीला समाजशास्त्रीय विचार म्हणतात.

या शिस्तीचे सर्वांत प्रसिद्ध विवेचन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकवणाऱ्या सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’ या पुस्तकात केले. मिल्सने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक म्हणजे माणसाची खासगी अडचण, जी त्याच्या स्वभावातून आणि निकटच्या माणसांशी असलेल्या संबंधांतून उद्भवते आणि जिच्यावरचा उपायही बहुधा तिथेच सापडतो. दुसरी गोष्ट म्हणजे सार्वजनिक प्रश्न, ज्याची मुळे अर्थव्यवस्था, कायदा, कुटुंबसंस्था, जात, शहराची मांडणी अशा एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरच्या व्यवस्थांत असतात. त्याचे उदाहरण बेकारीचे आहे. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचे कौशल्य, त्याची वागणूक आणि त्याच्यापुढच्या संधी तपासणे योग्य आहे. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी लोक बेकार असतील, तर एकेकाच्या वागणुकीची चिकित्सा करून हाती काही लागणार नाही, कारण तिथे संधींची रचनाच कोसळलेली असते.

मिल्सच्या आधी साठेक वर्षे, १८९७ साली, फ्रान्सच्या एमिल दुर्खीमने आत्महत्येसारख्या अत्यंत खासगी वाटणाऱ्या कृत्याचा अभ्यास करून दाखवले होते, की तिचे प्रमाण समाजासमाजांत वेगळे आणि एकेका समाजात बऱ्याच अंशी स्थिर असते, आणि माणसे आपल्या समाजाशी किती घट्ट जोडलेली आहेत याच्याशी त्या प्रमाणाचा संबंध असतो. मिल्सने या विचाराला इतिहासाची जोड ठळकपणे दिली. एका माणसाचे चरित्र आणि त्याच्या समाजाचा इतिहास एकत्र वाचल्याशिवाय दोहोंपैकी एकही नीट कळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. हे विधान वाचताना सोपे वाटते. त्याचा अर्थ अंगी मुरायचा असेल तर एखादे ओळखीचे आयुष्य समोर घेऊन बसावे लागते, आणि मुंबईत त्यासाठी गिरणगावाइतकी, म्हणजे लालबाग-परळच्या आसपासच्या कापडगिरण्यांच्या भागाइतकी, चांगली जागा नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात १९६० च्या दशकात वाढलेल्या मुलाला गिरणीत कामाला असलेले वडील वर्षातून एकदोनदा, गणपतीला आणि जमले तर शिमग्याला, दिसत. ते येताना खाऊ आणि कपडे आणत, आठ-दहा दिवस राहत आणि परत जात. पुढे मोठेपणी अशा कित्येक मुलांच्या मनात वडिलांविषयी एक अढी राहून गेली, की बाबांना आमची फारशी ओढ नव्हती. ही वेदना खरी आहे आणि तिला कोणी नाकारू नये. पण त्याच वेळी ते वडील लालबाग-परळच्या चाळीत कसे राहत होते, हेही पाहिले पाहिजे. दहा बाय बाराच्या गावकीच्या खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष राहत. भिंतीशी एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका, दोरीवर कपडे, माळ्यावर वळकट्या, आणि गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपणाऱ्यांच्याही पाळ्या. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतला, की पहिल्या पाळीला गेलेल्याची जागा त्याला मिळे. जेवण खाणावळीत, म्हणजे जवळच्या एखाद्या बाईच्या घरी महिन्याच्या हिशेबाने. पगार झाला की खाणावळीचे पैसे, खोलीची वर्गणी, आणि उरेल त्याची गावी मनीऑर्डर. अशा खोलीत बायकोमुलांना आणून ठेवायचे कुठे, या प्रश्नाचे उत्तर ओढ असण्या-नसण्यावर अवलंबून नव्हते.

आता एक पायरी वर चढून पाहू. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली ताडदेवला उभी राहण्याची सुरुवात झाली, आणि पुढच्या काही दशकांत कोकण आणि घाटावरून लाखो माणसे या कामावर आली. गिरणीमालकांना मागणीनुसार कमी-जास्त करता येतील असे मजूर हवे होते, म्हणून कायम कामगारांबरोबर बदली कामगारांचा मोठा जथा ठेवला जाई. बदली कामगाराने पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात हजर राहायचे. कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्याला त्या दिवसाचे काम मिळे, नाहीतर तो रिकाम्या हाताने खोलीवर परते. ज्या माणसाला पुढच्या आठवड्याच्या मजुरीची खात्री नाही, तो गावची जमीन सोडत नाही, कारण आजारपणात, संपात आणि म्हातारपणी ती जमीनच त्याचा आधार असते. ती जमीन बायको कसत होती, सासू-सासरे आणि मुले सांभाळत होती. तिच्या या बिनपगारी कामामुळे एका माणसापुरत्या मजुरीत गिरणी चालू शकत होती, कारण कुटुंब पोसण्याचा उरलेला भार कोकणातल्या शेतावर आणि त्या बाईच्या अंगावर पडलेला होता. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे सुमारे ५२५ स्त्रिया होत्या, हा आकडा या मोठ्या व्यवस्थेचा ठसा आहे. ‘बाबांना ओढ नव्हती’ या एका वाक्यामागे मजुरीची पद्धत, जमिनीची वाटणी, घरांची टंचाई आणि स्त्रियांचे श्रम एवढे सगळे उभे असते, आणि मुलाला गावी बसून त्यातले काहीच दिसण्यासारखे नव्हते.

याच कुटुंबाचा पुढचा टप्पा अधिक कठोर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या साठहून अधिक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मजुरीतली वाढ ही मागणी होतीच, शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिलेला वाटाघाटींचा एकाधिकार कामगारांना नको होता. हा संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. त्यानंतरच्या वर्षांत गिरणगावातल्या घराघरांत जे घडले, ते घराघरांतले अपयश म्हणून सांगितले गेले. बाप घरी बसून दारूच्या आहारी गेला, आई धुणीभांडी करू लागली, मोठ्या मुलाने नववीत शाळा सोडली, तो वाईट संगतीला लागला, बहिणीचे लग्न लांबले. एकेका घराची गोष्ट ऐकताना दोष देण्यासाठी माणूस लगेच सापडतो, आणि खुद्द त्या घरातली माणसेही एकमेकांना दोष देतात.

या गोष्टीला जे बाहेरून घडवत होते, त्याकडे पाहिले तर चित्र पालटते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांनी कापडाचे उत्पादन केव्हाच आपल्याकडे खेचून घेतले होते, तिथे मजुरी कमी होती आणि कामगार कायदे फारसे पोहोचत नव्हते. अनेक मालकांनी जुनी यंत्रे बदलण्यात पैसा घातला नव्हता. शिवाय गिरण्या ज्या जमिनीवर उभ्या होत्या, ती जमीन शहराच्या मध्यभागी होती आणि तिची किंमत कापडाच्या नफ्यापेक्षा कितीतरी मोठी होऊ लागली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीच्या पुनर्विकासाची वाट उघडली, तेव्हा त्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकासाठी अशी कल्पना होती. २००१ साली नियम बदलून ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती केली गेली आणि सार्वजनिक वाटा फार आक्रसला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. लोअर परळला आज मॉल आणि काचेच्या इमारती आहेत, तिथल्या भव्य प्रवेशद्वारांतून आत जाणाऱ्या सुरक्षारक्षकांत आणि सफाई कामगारांत गिरणी कामगारांचे वारस असणे मुळीच आश्चर्याचे नाही. नववीत शाळा सोडलेल्या मुलाच्या हातून चुका झाल्या असतील, परंतु त्याच्या वस्तीतल्या इतक्या मुलांनी साधारण त्याच वर्षांत शाळा का सोडल्या, याचे उत्तर त्याच्या चुकांत मिळत नाही.

रचना सर्वांना सारखीच दाबते असेही समजू नये. गिरणीच्या आतही एक उतरंड होती. विणकाम खात्यात कताईपेक्षा मजुरी बरी मिळे, पण तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात धाग्याची नवी कांडी घातली, की तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे; अस्पृश्याच्या तोंडाला लागलेल्या धाग्याला आपण तोंड लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. एका बारीकशा तांत्रिक कृतीतून जात थेट पगाराच्या पाकिटात शिरत होती. दलित कामगाराचा पगार कमी का, असे विचारणाऱ्याला त्याचे कौशल्य कमी असे उत्तर मिळू शकले असते, आणि ज्याला त्या खात्यात पाऊलच टाकू दिले नाही त्याच्याकडे ते कौशल्य येणार तरी कोठून. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला होता. व्यक्तीच्या दैन्यामागची रचना शोधण्याची ही रीत महाराष्ट्राने मिल्सकडून शिकलेली नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्याच्या हलाखीचे खापर त्याच्या आळसावर किंवा नशिबावर न फोडता विद्येच्या अभावापासून ती हलाखी कशी पायरीपायरीने येते हे दाखवले होते, आणि त्यात नोकरशाही, धर्मसत्ता आणि शेतसारा यांचा हिशेब मांडला होता. मला हा वारसा मोलाचा वाटतो, कारण समाजशास्त्र परक्या पुस्तकांतून आले आहे असे मानणाऱ्या मराठी वाचकाला आपल्याच घरातली ही परंपरा पुष्कळदा विसरायला होते.

इथे एक भेद समजून घेणे फार गरजेचे आहे, आणि तो म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या घरांच्या सोडतीवरून चांगला कळतो. गिरणी कामगारांच्या आणि त्यांच्या वारसांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले आणि उपलब्ध झालेली घरे त्या मानाने फारच थोडी होती. सोडतीत ज्याचा क्रमांक लागला नाही, त्याला ‘तू प्रयत्नात कमी पडलास’ असे कोणी म्हणत नाही, कारण घरे किती आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते. नोकरीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या बाबतीत मात्र आपण हे गणित विसरतो. जागा ठरलेल्या असतील तर मेहनत आणि बुद्धी यांवरून कोणाची निवड होईल हे ठरते; किती जणांची निवड होईल हे त्यांवरून ठरत नाही. सगळ्या उमेदवारांनी दुप्पट अभ्यास केला, तरी जागा तेवढ्याच राहतात आणि नापास होणाऱ्यांची संख्याही तेवढीच राहते. ‘कोण’ आणि ‘किती’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर व्यक्तीकडे पाहून देता येते, दुसऱ्याचे रचनेकडे पाहूनच द्यावे लागते, आणि वर्षानुवर्षे अभ्यासिकेत बसून तिशी गाठलेल्या तरुणाला त्याच्या घरी जो उपदेश केला जातो, त्यात हे दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळलेले असतात.

घराच्या जागेवरून भावाभावांत येणारे वितुष्ट हे मुंबईतले आणखी एक नेहमीचे दुःख आहे. गिरगावातल्या किंवा दादरच्या एका चाळीतली खोली, आईवडील गेलेले, एक भाऊ तिथेच राहणारा आणि दुसरा डोंबिवलीला गेलेला. मग एके दिवशी पुनर्विकासाची बोलणी सुरू होतात आणि चाळीस वर्षांचे प्रेम वकिलाच्या नोटिशीत संपते. लोक म्हणतात, पैशाने माणसे बदलतात. पण त्या खोलीला एवढी किंमत कशी आली, याचाही एक इतिहास आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. त्यामुळे लाखो सामान्य कुटुंबांना शहराच्या मध्यभागी टिकून राहता आले, आणि त्याचमुळे मालकांचा दुरुस्तीतला रस संपला, इमारती मोडकळीस आल्या, पागडीचा, म्हणजे खोलीचा ताबा देताना एकरकमी पैसे घेण्याचा, व्यवहार रूढ झाला. नंतर पुनर्विकास नियमांतील जादा चटईक्षेत्राने, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम करण्याच्या परवानगीने, त्या जीर्ण खोलीचे रूपांतर एकाएकी मोठ्या मालमत्तेत केले. ज्या खोलीवर कोणाचा हक्क आहे हे ठरवण्याची पन्नास वर्षांत कोणाला गरज पडली नव्हती, तिच्यावरचा हक्क एका करारपत्रावर लिहून देण्याची वेळ आली. त्या दोन भावांतला एक कदाचित खरोखर लोभी असेलही, पण ज्या शहरात मध्यमवर्गीयाला आयुष्यभराच्या पगारात घर घेणे कठीण झाले आहे, तिथे भावावर पाणी सोडण्याइतकी मोठी रक्कम एका खोलीच्या रूपाने समोर ठेवली गेली आहे, हेही तितकेच खरे आहे.

नोकरी सोडणाऱ्या त्या स्त्रीकडे आता अधिक माहितीनिशी पाहता येईल. मुंबई उत्तर-दक्षिण लांबलेली चिंचोळी वस्ती आहे. कामाच्या जागा दीर्घकाळ दक्षिणेला आणि मध्यभागी राहिल्या, परवडणारी घरे मात्र विरार, बदलापूर, कर्जत, कसाऱ्यापर्यंत सरकत गेली, त्यामुळे दिवसाचे तीन-चार तास प्रवासात जाणे हे हजारोंच्या नशिबी आले. पुरुषही तो प्रवास करतात. परंतु २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे त्यासाठी देतात, आणि मुळात घरकाम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच जेमतेम सव्वीस टक्के आहे. प्रवासाचे तास आणि ही मिनिटे एकत्र केली, की तिच्या चोवीस तासांचा हिशेब जुळत नाही. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन प्रसूतीची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, हे मोठे पाऊल होते; पण पाळणाघराची सक्ती पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच आहे, रजेच्या पगाराचा भार एकट्या मालकावर टाकला असल्यामुळे लहान व्यावसायिक तरुण विवाहित स्त्रीला नोकरीवर घेताना कचरतो, आणि खासगी क्षेत्रातल्या वडिलांसाठी या कायद्यात रजेची तरतूदच नाही. म्हणजे मूल झाल्यावर घरी थांबायचे कोणी, हा प्रश्न त्या जोडप्याने चर्चेला घेण्यापूर्वीच त्याचे उत्तर बऱ्याच अंशी ठरलेले असते.

यशाच्या बाबतीतही हीच दृष्टी लावली पाहिजे, आणि ते जास्त जड जाते. पार्ल्यात किंवा शिवाजी पार्कला वाढलेला एखादा अभियंता परदेशी स्थायिक होतो, तेव्हा त्याची मेहनत खरी असते. पण त्याच्या आजोबांना मिळालेली सरकारी नोकरी, वडिलांनी सहकारी गृहनिर्माण संस्थेत स्वस्त काळात घेतलेले घर, घरात पुस्तके असणे, शिक्षकांशी कसे बोलावे हे नकळत शिकलेले असणे, मामांच्या ओळखीने मिळालेला सल्ला, हेही सगळे त्याच्या शिदोरीत असते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिओ याने अशा शिदोरीला सांस्कृतिक आणि सामाजिक भांडवल म्हटले. पैशाचे भांडवल डोळ्यांना दिसते. हे भांडवल अंगवळणी पडलेले असल्यामुळे ज्याच्याकडे असते त्याला ते स्वतःचा गुणच वाटते. आपले अपयश रचनेवर ढकलणारा आणि आपले यश मात्र स्वतःच्या खात्यावर मांडणारा माणूस या विचाराचा अर्धाच भाग शिकलेला असतो.

या विचाराचा सर्वांत मोठा गैरवापर म्हणजे ‘सगळा समाजाचाच दोष, माणूस काय करणार’ असे म्हणून मोकळे होणे. रचना माणसाची निवड पुसून टाकत नाही. ती त्याच्यापुढच्या वाटा कमी-अधिक करते आणि प्रत्येक वाटेची किंमत ठरवते. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका भांडवलाअभावी सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीत अडकल्या होत्या. कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. त्या बायका आधीही कष्टाळू होत्या. बदलले ते हे, की एकेकीची उधारी ही सगळ्यांची सामाईक अडचण म्हणून ओळखली गेली आणि तिच्यावर एकट्याने शक्य नसलेला उपाय एकत्रितपणे करता आला. दुसरा धोका घाईचा आहे. स्वतःला एक अनुभव आला म्हणून तो सर्व समाजाचा अनुभव ठरत नाही, आणि ओळखीच्या चार जणांना तो आला म्हणूनही ठरत नाही, कारण आपल्या ओळखीची माणसे बहुधा आपल्याच जातीची, वर्गाची आणि शिक्षणाची असतात. आपला अनुभव ही शोधाची सुरुवात आहे. त्याच्या पुढे जनगणना, सर्वेक्षणे, कायद्याचा मजकूर आणि आपल्यापेक्षा वेगळ्या परिस्थितीत वाढलेल्या माणसांचे म्हणणे यांची पडताळणी लागते. आणि काही अडचणी खरोखरच खासगी असतात. प्रत्येक भांडणात भांडवलशाही शोधणाऱ्याला समोरच्या माणसाचे दुःख दिसेनासे होते.

ज्याला हा अभ्यास रोजच्या आयुष्यात करायचा असेल, त्याने आपल्याला बोचणारी एक गोष्ट घ्यावी आणि तिला काही साधे प्रश्न विचारावेत. हे आणखी कोणाला होते आणि कोणाला होत नाही? माझ्या आजोबांच्या वेळी असे होत होते का, नसेल तर मध्ये काय बदलले? हे असे असण्यासाठी कोणता नियम, कोणता दर, कोणती प्रथा कारणीभूत आहे आणि ती कोणी, केव्हा ठरवली? असे चालू राहण्यात कोणाचा फायदा आहे? यांपैकी दुसरा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो. जे कायमचे आणि स्वाभाविक वाटते त्याला सुरुवातीची तारीख असते, हे तो दाखवून देतो, आणि ज्याला सुरुवात आहे ते बदलताही येते. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी पुस्तकेच लागतात असे नाही. घरातल्या किंवा चाळीतल्या वडीलधाऱ्या माणसांजवळ बसून त्यांचा पहिला पगार, पहिली खोली, पहिली नोकरी कशी मिळाली हे विचारले तरी पुष्कळ काही हाती लागते.

हेच प्रश्न घेऊन आजच्या मुंबईत पाहायचे असेल, तर संध्याकाळी एखाद्या मोठ्या उपाहारगृहाच्या बाहेर दुचाकीवर बसून मोबाइलकडे पाहत थांबलेल्या घरपोच सेवा देणाऱ्या तरुणांपासून सुरुवात करता येईल. दिवसाची कमाई कमी झाली, की आपण उशिरा निघालो, चुकीच्या भागात थांबलो, एक ऑर्डर नाकारली म्हणून गुण घसरले, अशी कारणे ते स्वतःच देतात. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे, आणि काम येईपर्यंतचा वेळही त्यांचाच. गिरणीच्या दारात उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराच्या आणि त्यांच्या परिस्थितीत एक ठळक साम्य आहे, की मागणीतल्या चढउताराचा खर्च दोन्हीकडे काम देणाऱ्याने न सोसता थांबून राहणाऱ्याने सोसलेला आहे. ठळक फरकही आहेत. बदली कामगाराला आपल्यासारखे शंभर जण दारात दिसत, त्यातून ओळखी, संघटना आणि संप उभे राहिले. या तरुणाला काम एका यंत्रणेकडून मिळते, दर आणि नियम तीच बदलते, आणि शेजारच्या दुचाकीवरच्या मुलाला त्याच अंतराचे किती पैसे मिळाले हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने भारतीय कायद्यात प्रथमच अशा कामगारांची व्याख्या केली आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी देण्याची तरतूद केली. पदपथाच्या कडेला काम येण्याची वाट पाहण्यात जे तास जातात, त्यांचे मोल कोणी द्यायचे, हे मात्र त्या संहितेत ठरलेले नाही.